पडलेला ड्रोन आणि जळलेला बोर्ड

'थ्री इडियट्स' (2009) मधला कॅमेरा लावलेला तो छोटा क्वाडकॉप्टर आठवतोय ना? जॉय लोबोला वेळेत पुरा करता आला नाही आणि मग रँचोने दुरुस्त करून उडवला, तोच. पडद्यावरचा तो ड्रोन 'आयडियाफोर्ज'ने पुरवला होता आणि ही कंपनी आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 2007 साली सुरू केली. म्हणजे मूळ आपल्या पवईचंच!

सिनेमात दुरुस्ती एका गाण्यात उरकते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जण एकच करतात. ड्रोन पडला, चालू होत नाही, मग बोर्ड मागवा आणि बदला. नवा बोर्डही पहिल्याच मिनिटात जळतो आणि मग नशिबाला दोष! खरं तर बोर्ड बदलणं ही शेवटून दुसरी पायरी आहे. बोर्ड कशाने मेला हे शोधणं ही पहिली.

दुरुस्ती शिकायला आणखी एक कारण आहे. 9 फेब्रुवारी 2022 पासून भारतात तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे (संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद सोडून). सुट्या भागांना मात्र ती बंदी नाही. म्हणजे जुना ड्रोन फेकून नवा आणणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

ड्रोनच्या पोटात काय असतं?

समजा, गणपतीत गावी नेलेला फँटम 3 स्टँडर्ड नारळाच्या झावळीत अडकून खाली आला आणि तुम्ही तो पिशवीत घालून मुलुंडला घरी आणलात. त्याच्या पोटात मुख्यतः चार गोष्टी असतात. फ्लाइट कंट्रोलर म्हणजे मेंदू. त्याला जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर तोल सांगतात. प्रत्येक मोटरसाठी एक ईएससी, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारं सर्किट. तिसरं जीपीएस आणि होकायंत्र. चौथा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारा भाग. त्याचा बोर्ड वेगळा असतो. या मॉडेलमध्ये चारही ईएससी आणि मेंदू एकाच मधल्या बोर्डावर आहेत. म्हणून एक ईएससी गेला तरी घरी दुरुस्ती करणाऱ्याला अख्खा बोर्ड बदलावा लागतो. घरी जुळवलेल्या ड्रोनमध्ये बहुधा ईएससी सुटे असतात, तिथे एकावर भागतं.

बोर्ड जळतो कसा?

झावळीत पंखा अडकला की मोटर फिरत नाही, पण कंट्रोलर तिला फिरवायचा प्रयत्न करतच राहतो. करंट एकदम वाढतो आणि ईएससीवरचा मॉसफेट, म्हणजे झटपट चालू-बंद होणारा स्विच, जळून शॉर्ट होतो. आपटण्याने होणारं नुकसान वेगळं: बोर्डाला तडा जातो, कनेक्टर निघतो, गिंबलची पातळ फ्लॅट केबल फाटते. चित्र येत नसेल पण ड्रोन व्यवस्थित उडत असेल, तर आधी ही केबल बघा. ती स्वस्त असते. उगाच महागडा बोर्ड मागवू नका.

आता तपासणी

सर्वात आधी बॅटरी काढा. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली असेल किंवा तिला पोचा पडला असेल, तर ती परत चार्ज करायची नाही, म्हणजे नाही. वन बीएचकेमध्ये तिने पेट घेतला तर पळायलाही जागा नसते. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, सुक्या कचऱ्यात टाकू नका.

उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा, कारण चुकीच्या जागी लांब स्क्रू बसला तर तो बोर्डाला किंवा मोटरच्या तारांना टेकतो. मग डोळे आणि नाक वापरा. काळा डाग, जळका वास आणि हललेली चिप यावरून बरंच कळतं.

नंतर मल्टीमीटर. बॅटरीच्या प्लस आणि मायनस टोकांवर कंटिन्युइटी बघा. कपॅसिटर भरताना क्षणभर बीप येईल, ते ठीक. पण बीप थांबतच नसेल तर शॉर्ट आहे. मोटरच्या तारा सोडवून, डायोड मोडमध्ये ग्राउंडपासून प्रत्येक फेजच्या पॅडपर्यंत रीडिंग घ्या. चार मोटर गुणिले तीन तारा, म्हणजे बारा रीडिंग. अकरा सारखी आणि एक शून्याजवळ असेल, तर गुन्हेगार सापडला.

आणि आता ती विसरली जाणारी पायरी: त्याच हाताची मोटर तपासा. ती बोटाने फिरवून बघा. खरखर, अडकणं किंवा वाकलेला दांडा दिसला तर मोटरही बदला. ती तशीच ठेवली तर नव्या बोर्डाचीही तीच गत होणार.

बदलताना

ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोड आहेच. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी दादरला गाडी बदलायची, एवढंच. सोल्डर, फ्लक्स आणि मल्टीमीटर तिथे मिळतात. बोर्ड घेताना मॉडेलसोबत व्हर्जनही जुळवा. नव्या मॉडेलमधले काही बोर्ड कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय जुळतच नाहीत, हे पैसे देण्याआधी विचारा. जाड तारांसाठी 60 वॅटची इस्त्री घ्या; 25 वॅटवाली तापेपर्यंत उष्णता तारेतच पसरते आणि जोड कच्चा राहतो. फ्लॅट केबल ओढू नका, आधी तिचं कुलूप उघडा. मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. इथे सुरुवातीला काढलेले फोटो कामाला येतात.

चालू करताना

पंखे न लावता चालू करा, बरं का! शेजारच्या मोटर एकमेकींच्या उलट फिरायला हव्यात आणि कर्णावरच्या सारख्या. मग आयएमयू कॅलिब्रेशन सपाट टेबलावर करा. होकायंत्राचं मात्र गच्चीवर करू नका, कारण स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या त्याला फसवतात. त्यासाठी मोकळं मैदान हवं.

उडवून बघण्याची घाईसुद्धा नको. अंधेरी आणि घाटकोपर विमानतळाला खेटून आहेत, शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. त्यामुळे सरकारी नकाशा, नोंदणी आणि चालू आदेश बघूनच शहराबाहेर चाचणी घ्या. फँटम 3 स्टँडर्डचं वजन 1216 ग्रॅम आहे. कच्चा सोल्डर हवेत सुटला, तर सव्वा किलोचा ऐवज कुणाच्या तरी डोक्यावर येणार आहे.

म्हणूनच 'चालू झाला' म्हणजे 'दुरुस्त झाला' असं नाही. का बंद पडला होता, हे ज्याला सांगता येतं त्यानेच तो उडवावा. व्हायवाला सर विचारतात तो 'व्हाय?' इथे खरोखर कामाला येतो!