पॉडकास्ट : विषय अनेक, श्रोता एक

कला शाखेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आपल्या जिल्ह्यात साधारणपणे तीनच वाटा असतात : शिक्षकी पेशा, स्पर्धा परीक्षा किंवा घरची शेती. पॉडकास्ट ही चौथी वाट होऊ शकेल काय? आणि कोणत्याही एका विषयात तज्ज्ञ नसलेल्या, मराठी, इतिहास, भूगोल असे थोडेथोडे शिकलेल्या आपल्यासारख्यांना त्या वाटेवर टिकता येईल काय? या दोन प्रश्नांचा विचार मी प्रस्तुत लेखात करणार आहे.

स्वरूप

पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची मालिका. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' या दोन शब्दांच्या मिश्रणातून हे नाव बनले. २००४ साली बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने 'गार्डियन' वृत्तपत्रातील लेखात ते वापरले. मुद्रित भाग इंटरनेटवरील साठ्यात ठेवलेला असतो व त्याची नोंद एका यादीत होते. नवा भाग आला की ही यादी श्रोत्याच्या मोबाइलला तशी वर्दी देते. आकाशवाणीच्या कार्यक्रमासाठी श्रोत्याला वेळ गाठावी लागते. पॉडकास्ट मात्र सवडीने ऐकता येतो. तो मोबाइलमध्ये आधी उतरवून घेतला, तर रेंज नसलेल्या डोंगरातही ऐकता येतो. अर्थात श्रोता कंटाळला तर त्याच क्षणी निघूनही जातो, हे विसरून चालणार नाही.

दोन उदाहरणे

अनेक विषय हाताळणाऱ्या माणसाच्या कामाला एकसूत्रीपणा कसा येतो, हे पाहण्यासाठी आकाशवाणीकडे वळले पाहिजे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेथे व्यंकटेश माडगूळकर यांनी ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात दीर्घकाळ काम केले. शेतकरी श्रोत्यांसाठी कार्यक्रम करणाऱ्या याच माणसाने धनगरांच्या वस्तीवर 'बनगरवाडी' लिहिली. वानरांच्या टोळ्यांवरील त्यांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेती, धनगरवस्ती, जंगल हे विषय वेगळे खरे. पण आधी नीट पाहायचे, ऐकायचे आणि मग थोडक्यात सांगायचे, ही रीत सर्वत्र एकच आहे.

दुसरे उदाहरण आजचे आहे. मुंबईच्या अमित वर्मा यांचा 'द सीन अँड द अनसीन' हा इंग्रजी पॉडकास्ट २०१७ मध्ये सुरू झाला. प्रारंभी त्यात सार्वजनिक धोरणांवरील छोटे भाग असत. पुढे साहित्य, इतिहास, व्यक्तींचे जीवन असे विषय येत गेले आणि मुलाखती कित्येक तासांच्या झाल्या. प्रथम एका विषयात श्रोत्यांचा विश्वास मिळवायचा आणि नंतर वर्तुळ मोठे करायचे, हा क्रम येथे ध्यानात घेण्यासारखा आहे.

आपला श्रोता

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. साक्षरता ६४.३८ टक्के होती. म्हणजे त्या वेळी दर तिघांपैकी एकाला छापील मजकुराचा उपयोग नव्हता. भिली, पावरी, मावची, अहिराणी या येथील बोलींचे धन प्रामुख्याने तोंडी आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आल्या. सातपुड्यातील किती बहिणाबाईंना असा टिपणारा लाभला असेल?

येथे विषयांना तोटा नाही. काठीची होळी, सारंगखेड्याचा घोडेबाजार, नंदुरबारची मिरची, १९४२ चा शिरीषकुमार, सिकलसेलचा आजार, सरदार सरोवराचे विस्थापित, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, अशी कितीतरी नावे घेता येतील. एका मालिकेत हे सारे बसविण्यासाठी मी एक कसोटी मानतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी अक्राणी तालुक्यातील एखादी बाई डोळ्यांसमोर आणावी. हा भाग तिला कळेल काय आणि तिच्या उपयोगी पडेल काय, असे प्रत्येक वेळी विचारावे. विषय बदलला तरी श्रोता बदलत नाही. मालिकेचे सूत्र तोच धरून ठेवतो.

उपजीविका

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. जाहिरात आणि श्रोत्यांची वर्गणी हे प्रमुख मार्ग आहेत. परंतु ते श्रोतृवर्ग जमल्यावरच खुले होतात. छोट्या बोलीतील मालिकेला तो जमविणे आणखी कठीण. म्हणून भाकरी बहुधा आजूबाजूच्या कामांतून मिळते : संस्थांसाठी आरोग्य वा शेतीविषयक भाग तयार करणे, इतरांच्या मुद्रणाचे संपादन करणे, पुस्तकांचे अभिवाचन करणे. 'स्टोरीटेल' ही कंपनी २०१७ साली भारतात मराठी श्राव्य पुस्तके घेऊन आली, तेव्हा मराठी आवाजाला असे काम मिळू लागले. आपली मालिका ही या कामांसाठी कौशल्याचा पुरावा ठरते. पहिली काही वर्षे बी.एड. किंवा शेती सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधने व जबाबदारी

साधने फारशी लागत नाहीत. मोबाइल, एक साधा माइक आणि 'ऑडॅसिटी' हे संपादनाचे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर प्रारंभ होतो. खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीला दोन गोधड्या टांगाव्यात.

कायदा मात्र माहीत हवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यामुळे त्यांचे साहित्य २०११ पासून कोणालाही वाचून मुद्रित करता येते. अलीकडच्या लेखकांसाठी परवानगी घ्यावी लागते. पाड्यावरच्या आजीने म्हटलेल्या गाण्याला असा कागदी मालक नसतो; म्हणून तेथे आपली जबाबदारी अधिक. मुद्रणापूर्वी तिला विचारावे, तिची इच्छा असल्यास नाव सांगावे, झालेला भाग प्रथम तिला ऐकवावा आणि त्यातून पैसा आला तर तिचा वाटा तिला द्यावा. आपल्या भागातून लाकूड गेले, मजूर गेले. गाणीही त्याच रीतीने जाऊ नयेत.

तात्पर्य, ही चौथी वाट आहे, पण ती पहिल्या तिन्हींच्या सोबतीने चालण्याची आहे. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातील एका वृद्ध व्यक्तीचे, तिच्या संमतीने, दहा मिनिटे मुद्रण करून पाहावे. ते संपादित करताना आपल्याला ऐकता येते की नाही, हे कळेल. आणि या धंद्यात बोलण्यापूर्वी तेच यावे लागते.