झटापटीतला पाय

परवा होस्टेलच्या कबड्डी मॅचला मी पंच होतो. माझ्या रूम पार्टनरला दोघांनी पकडलं. त्याचा पाय मैदानाबाहेर टेकला आणि मी त्याला बाद दिलं. त्याची टीम एका गुणाने हरली.

रात्री नियम वाचले. स्पर्श झाला, की दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची लॉबी मैदानात धरतात. झटापटीत पाय बाहेर गेला, तरी शरीराचा कोणताही भाग आत जमिनीला टेकलेला असेल तर खेळाडू बाद नसतो. त्याचा गुडघा लॉबीत होता, हात मध्यरेषेपलीकडे आपल्या अंगणात टेकलेला, दमही चालू. म्हणजे पकडणारे दोघे बाद!

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मी, 'दम' हा शब्दच सांगलीत येऊन शिकलो. पंचाने आधी आत काय टेकलंय ते पाहावं, हे आता कळलं. मेसमध्ये त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "पुढच्या मॅचलाही तूच पंच हो."