आधी पेन्सिल, मग मास्क

हे बघ, गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर शाळांच्या बेसबॉल सामन्यांना अंपायर म्हणून उभं राहायचंय म्हणून तुझी झोप उडालीय, हे मला कळतंय गं. सॉफ्टबॉल तू इतकी वर्षं खेळलीस, मग घाबरायचं कशाला? पण खरं सांगू का, नियमांचं पुस्तक जरा बाजूला ठेव आणि आधी स्कोअरशीट घेऊन बस. स्कोअर लिहिणारीला एकही पिच नजरेतून सोडून चालत नाही, आणि अंपायरचं निम्मं काम तेच असतं.

आकडे पाठ करून टाक. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि आऊटफील्ड डावीकडून ७, ८, ९. हे जर्सीचे नंबर नव्हेत, जागांचे आहेत. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि बॅटर आऊट झाली, की नुसतं ६-३ लिहायचं. स्ट्राइकआऊटला के. बॅट न फिरवता तिसरी स्ट्राइक गेली असेल, तर तोच के उलटा. आणि सोपा चेंडू हातातून सुटला म्हणून बॅटर बेसवर पोचली, तर तिला हिट द्यायची नाही. क्षेत्ररक्षकाची एरर लिहायची. ती मुलगी तुझ्या शाळेची असली तरी!

आता मैदानात ये. प्लेटची रुंदी १७ इंच, तिच्यात काही बदल नाही. पण सॉफ्टबॉलमधल्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंतच्या स्ट्राइक झोनची सवय सोड. बेसबॉलमध्ये तो खांदा आणि कंबर यांच्या मध्यापासून गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीपर्यंत असतो. बेसही ६० नाही, ९० फुटांवर आणि इनिंग सातऐवजी नऊ. वयोगटाप्रमाणे यात फरक करतात, म्हणून सकाळीच आयोजकांना विचारून घे, लाजू नकोस.

डाव्या हातात इंडिकेटर धर आणि काउंट मोठ्याने सांग, आधी बॉल, मग स्ट्राइक. पहिल्या बेसवर डोळे धावणारीच्या पायावर ठेव आणि चेंडू ग्लव्ह्जमध्ये पडल्याचा आवाज कानांनी ऐक. दोन्हीकडे एकदम बघता येत नाही बाई. आणि निर्णय द्यायची घाई नको. झेल घट्ट बसू दे, मग हात वर कर. एक श्वास थांबलीस म्हणून कुणी रागावत नाही, पण आऊट देऊन फिरवलास तर दोन्ही संघांचे कोच धावत येतील.

एका नियमाला सगळ्याच बिचकतात, तो इनफिल्ड फ्लाय. दोनपेक्षा कमी आऊट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावणाऱ्या (तिन्ही भरले असले तरी हेच), आणि इनफिल्डरला सहज झेलता येईल असा उंच चेंडू. अशा वेळी झेल सुटला तरी बॅटर आऊट. का, तर इनफिल्डरने मुद्दाम झेल सोडून बेसवर अडकलेल्या दोघींना टिपू नये म्हणून. कारण कळलं की नियम आपोआप लक्षात राहतो बघ.

‘मुलीला जमेल का?’ असं कुणी विचारलंच, तर जेन पावोलचं नाव सांग. तीही आधी सॉफ्टबॉलच खेळली, सॉफ्टबॉलची अंपायर झाली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या मेजर लीगच्या नियमित हंगामात अंपायरिंग करणारी पहिली स्त्री ठरली. मला तर त्या दिवशी फार भरून आलं.

सामना संपला की स्कोअररकडे जाऊन बस. दूधवाल्याचा हिशेब जुळवतेस तसंच कर. एका संघाच्या पूर्ण झालेल्या बॅटिंगच्या पाळ्या म्हणजे त्यांचे रन, बेसवर अडकलेल्या आणि आऊट झालेल्या, सगळ्या मिळून. दोन्ही बाजू जुळल्या की सही. नाहीच जुळल्या तर पहिल्या इनिंगपासून एकेका चौकटीवर बोट ठेवत परत ये, मग बाहेर बस कितीही हॉर्न वाजवू दे.