आजारी वाघाची खबर

ताडोबाच्या जंगलातील एका वाघाच्या पायात तारेचा फास रुतला आहे, असे समजा. जखम चिघळली आहे. शिकार साधत नाही. बाहेरून दिसते ते एवढेच. त्याच्या पोटात मात्र, दोन्ही मूत्रपिंडांजवळ असलेल्या अधिवृक्क ग्रंथींत या वेळी मोठी धावपळ चालू असते. घरच्या मांजरात या ग्रंथी जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतात. वाघही मांजराच्याच कुळातला.

जखम झाली वा जंतुसंसर्ग झाला, की मेंदू पोष ग्रंथीला इशारा देतो. तिचे संप्रेरक रक्तातून अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचते आणि त्या जास्त कॉर्टिसॉल सोडू लागतात. त्यामुळे रक्तात साखर वाढते, रक्तदाब टिकतो, दाहाला लगाम बसतो. जखमी, उपाशी प्राण्याला हे उपकारकच. पण आजार रेंगाळला, की तेच कॉर्टिसॉल स्नायू झिजवते आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते. काही अत्यवस्थ मांजरांत तर ग्रंथी गरजेपुरते कॉर्टिसॉलही पुरवू शकत नाहीत.

हे मोजायचे कसे? रक्त काढावे, तर वाघाला बेशुद्ध करावे लागते आणि त्या धांदलीनेच कॉर्टिसॉल वाढते! (घरच्या मांजराचीही दवाखान्यात घाबरून साखर इतकी चढते, की मधुमेहाचा संशय यावा.) सुदैवाने मांजरकुळात कॉर्टिसॉलचे अवशेष लघवीतून थोडे आणि पित्तावाटे विष्ठेतून पुष्कळ बाहेर पडतात. ताजी विष्ठा वाळवून, अल्कोहोलात खळबळून, प्रतिपिंडांच्या साहाय्याने ते मोजता येतात. आदल्या एकदोन दिवसांची खबर त्यातून मिळते.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगड येथील वाघांची विष्ठा अशीच तपासली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पर्यटनाच्या हंगामात हे अवशेष अधिक होते. म्हणजे पंचाईत अशी, की आजाराची आणि मोटारींच्या वर्दळीची खूण एकच!

ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो. त्या काळातही एखाद्या वाघाचा आकडा चढाच राहिला, तर गाभ्यात फिरणाऱ्या मोटारींकडे बोट दाखवता येणार नाही. जखम, रोग की दुसऱ्या नराशी हद्दीवरून झुंज? तेव्हा वनरक्षकाला ओल्या मातीतले ठसे पाहावे लागतात: तीन पंजे खोल आणि चौथा उथळ उमटला आहे काय?