धावण्यातील उतावीळपणा

वार्षिक क्रीडास्पर्धांची सूचना फलकावर लागली, की शाळेच्या पटांगणाला जाग येते. वर्षभर ज्यांनी धावण्याचे नावही काढले नाही, असे विद्यार्थी संध्याकाळी फेऱ्यांवर फेऱ्या मारू लागतात. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात तो उत्साह दुणावतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांपैकी काहीजण नडगी चोळीत कट्ट्यावर बसलेले दिसतात. स्पर्धेच्या दिवशी धावणाऱ्यांच्या रांगेत ते नसतात. असे का घडते व ते कसे टाळावे, याचा विचार या लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

या विषयावर लिहिण्याचा आम्हांस थोडाफार अधिकार आहे, कारण ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. इयत्ता नववीत असताना बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले यांच्याविषयी आमच्या वाचनात आले. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होते, आणि त्या शर्यतीत आपल्या गावचा हा तरुण १९ वा आला होता! आम्ही वाचन थांबविले आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या वाटेने धावत सुटलो. दम लागला की बसावे, उठून पुन्हा धावावे, असा क्रम रोज चालला. तीन आठवड्यांनी दम लागेनासा झाला. आता आपण धावपटू झालो, असे वाटून आम्ही अंतर दुप्पट केले. चौथ्या आठवड्यात उजव्या नडगीवर रुपयाएवढ्या जागेत ठणका लागला. तो आम्ही कोणास सांगितला नाही. अखेर चालतानाही लंगडू लागल्यावर वडिलांनी डॉक्टरांकडे नेले. हाडास बारीक तडा गेला होता. त्या वर्षीची शर्यत आम्ही कट्ट्यावरून पाहिली. त्याहूनही वाईट हे की, धावणे आपल्या अंगी नाहीच, अशी समजूत करून घेऊन पुढे कित्येक वर्षे आम्ही धावलोच नाही. ही समजूत खोटी होती. पात्रता कमी नव्हती, घाई अधिक होती.

आता या घाईने शरीरात काय घडते ते पाहू. आपण धावू लागलो म्हणजे शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. रक्तातील द्रव भाग काही दिवसांतच वाढू लागतो. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे लोटू लागते. म्हणून दोन-तीन आठवड्यांत दम वाढल्याचा अनुभव येतो. स्नायूंना बळकट होण्यास आणखी काही आठवडे लागतात. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना कित्येक महिने लागतात. दम लवकर वाढतो, हाड सावकाश वाढते. नवशिक्या धावपटूची फसगत नेमकी येथे होते.

हाड ही निर्जीव काठी नव्हे. त्यावर जसा भार पडेल तशी त्याची घडण बदलते, हे जर्मन शस्त्रवैद्य युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली प्रतिपादन केले. परंतु ही घडण बदलण्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना गवंडी प्रथम सैल झालेले दगड काढतो व मग त्या जागी नवे बसवितो. मधल्या काळात ती भिंत पूर्वीपेक्षाही कच्ची असते. हाडाचेही तसेच आहे. काही पेशी प्रथम जुना भाग पोखरून काढतात. या कामास दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर दुसऱ्या पेशी नवा भाग भरतात व तो पक्का होण्यास तीन-चार महिने जातात. धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, आणि एका किलोमीटरला सुमारे हजार पावले पडतात. दम वाढला म्हणून आपण अंतर दुप्पट करतो ते नेमके भिंत कच्ची असतानाच! वाढत्या वयात तर हाडांच्या टोकांशी कोवळी कूर्चा असते. तिला विशेष जपावे लागते.

याचा अनुभव सैन्यांनी फार पूर्वी घेतला आहे. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली असे नमूद केले की, लांब संचलनानंतर सैनिकांची पावले सुजतात व दुखतात. कारण मात्र उलगडत नव्हते. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, आणि १८९७ साली त्यांच्या साहाय्याने दिसून आले की, या सैनिकांच्या पावलांतील लांब हाडांस तडे गेलेले असतात. कोणी पडले नव्हते, कोणास मार लागला नव्हता. लहान लहान आघातांची बेरीजच हाडास पेलली नव्हती.

मग आरंभ कसा करावा? एक मिनिट सावकाश धावावे, दोन मिनिटे चालावे, असे आठ वेळा करावे. एवढे चोवीस मिनिटांचे काम पहिल्या आठवड्यास पुरे. तेही एक दिवसाआड करावे, कारण हाडाची बांधणी विश्रांतीच्या काळात होते. पुढे दर आठवड्यास धावण्याचा वेळ थोडा वाढवावा व चालण्याचा थोडा कमी करावा. या बेताने आठ-दहा आठवड्यांत वीस मिनिटे सलग धावता येऊ लागते. वेग किती असावा? धावता धावता सोबत्याशी एक पुरे वाक्य बोलता यावे, इतकाच. बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला असे समजावे. अंतर आणि वेग ही दोन्ही एकाच आठवड्यात कधीही वाढवू नयेत. पोटभर जेवण व रात्रीची पुरी झोप हाही या अभ्यासाचाच भाग होय.

दुखण्या-दुखण्यातील भेदही ओळखता आला पाहिजे. दोन्ही पायांचे स्नायू सारखेच आंबले व दोन-तीन दिवसांत मोकळे झाले, तर चिंतेचे कारण नाही. परंतु हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखविता येईल असे दुखत असेल, ते धावताना वाढत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर त्याच दिवशी धावणे थांबवावे आणि शिक्षकांस व घरी सांगावे. दुखणे लपविण्यात शौर्य नाही. आम्ही ते लपविले, म्हणूनच दोन आठवड्यांच्या विश्रांतीचे काम दोन महिन्यांवर गेले.

विद्यार्थी व विद्यार्थिनीहो, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असे म्हणतात. उतावळ्या धावपटूस मात्र गुडघ्याला पट्टी बांधावी लागते. स्पर्धा डिसेंबरात असतील, तर सूचना फलकावर लागण्याची वाट पाहू नका; दसऱ्याच्या सीमोल्लंघनाबरोबरच पहिले सावकाश पाऊल टाका. चौगुले यांनी कापलेले अंतर आम्ही वाचले, परंतु एवढे अंतर तीन आठवड्यांच्या तयारीने कापता येत नाही, हे आमच्या ध्यानी आले नाही. राजहंसगड कोठेही जात नाही. तुमचे पाय तेथवर जाण्यास सिद्ध होतील, तोवर तो तुमची वाट पाहत उभाच असणार आहे.