हेवी मेटलमधलं लोखंड कुठलं?

प्रश्न : आमचा नातू दहावीला आहे. दिवसभर कानाला हेडफोन लावून ‘मेटल’ ऐकतो. एकदा मलाही ऐकवलं. गाणं कमी आणि धडधडच जास्त. मी भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये ३४ वर्षं काढली, म्हणून विचारतो, या गाण्यांचा लोखंडाशी खरंच काही संबंध आहे, की नुसतंच नाव?
– एक निवृत्त वाचक, भिलाई

उत्तर : नावाचं आधी उरकून घेऊ, कारण तिथे तुमची थोडी निराशा होणार आहे. ‘हेवी मेटल’ हे दोन शब्द १९६८ साली स्टेपनवुल्फ या बँडच्या ‘बॉर्न टु बी वाइल्ड’ या गाण्यात आले, ते मोटरसायकलच्या गडगडाटासाठी. भट्टीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पुढे समीक्षकांनी तेच शब्द एका जातीच्या संगीताला चिकटवले आणि ते तिथेच राहिले.

संगीताचं गाव विचाराल तर मात्र गोष्ट वेगळी. ते इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम आणि त्याच्या शेजारचा ‘ब्लॅक कंट्री’ हा कोळशा-लोखंडाचा मुलूख. ब्लॅक सॅबथ हा बँड तिथला आणि ज्युडास प्रीस्टही तिथलाच. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी तीच बोटं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा चढवल्या आणि पुढे त्या सैलही सोडल्या. तार सैल झाली की सूर खाली उतरतो. तुमच्या नातवाच्या हेडफोनमधून जी घरघर येते, तिच्या मुळाशी हा एक अपघात आहे. शॉप फ्लोअरवर आयुष्य काढलेल्या माणसाला मी याहून जास्त काय सांगणार?

पण तुमच्या प्रश्नाला खरं चपखल बसणारं गाणं ज्युडास प्रीस्टचं आहे : ‘मेटल गॉड्स’. ते १९८० सालच्या ज्या अल्बममध्ये आहे त्याचं नाव ‘ब्रिटिश स्टील’. हो, ब्रिटनच्या तेव्हाच्या सरकारी पोलाद कंपनीचंच नाव. बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन याने त्या कंपनीत काही वर्षं नोकरी केली होती. गायक रॉब हॅलफर्डचे वडीलही पोलाद कामगार. आपल्याकडे भिलाईच्या सेक्टर सातमधल्या पोरांनी बँड काढून अल्बमचं नाव ‘बीएसपी’, म्हणजे भिलाई स्टील प्लांट, ठेवावं, तसला प्रकार.

ध्वनिमुद्रण झालं टिटनहर्स्ट पार्क या बंगल्यात. तो तेव्हा बीटल्सच्या रिंगो स्टारचा होता. त्याआधी जॉन लेननचा. यंत्रं माणसावर राज्य करू लागली आहेत, असं एक विज्ञानकथेसारखं चित्र या गाण्यात आहे. त्यात लोखंडी राक्षसांच्या पावलांचा आवाज हवा होता. साठवलेले आवाज बटण दाबून मिळण्याचा तो जमाना नव्हता. मग या मंडळींनी स्वयंपाकघरातला काटे-चमच्यांचा ट्रे उचलला आणि मायक्रोफोनसमोर तालात आपटला. दुसऱ्या एका गाण्यात, ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये, काच फुटते. तिच्यासाठी दारावर येणाऱ्या दुधाच्या बाटल्या फोडल्या. (आरेच्या बाटल्या ज्यांनी हाताळल्यात, त्यांना त्या काचेचा जाडपणा आठवेल, सहजासहजी फुटायच्या नाहीत.) हे वाचल्यावर मीही घरी चमच्यांचा ट्रे ओट्यावर आपटून पाहिला. राक्षस काही आला नाही. आतल्या खोलीतून ‘काय पाडलंत?’ एवढं आलं.

आता काळ बघा. २ जानेवारी १९८० रोजी ब्रिटिश स्टीलच्या कामगारांनी संप पुकारला. १९२६ नंतरचा पोलाद उद्योगातला तो पहिला देशव्यापी संप, साधारण तेरा आठवडे चालला. बंगल्यात चमचे आपटले जात होते तेव्हा बाहेर भट्ट्या थंड होत्या. संप मिटला आणि त्याच एप्रिलमध्ये अल्बम बाजारात आला. पुढे अनेक कारखाने गेले, माणसं घरी बसली. ‘ब्रेकिंग द लॉ’ अशाच एका बेकार, चिडलेल्या पोराच्या तोंडचं गाणं आहे. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं. ‘मेटल गॉड्स’ला नशीब निराळंच लाभलं. श्रोत्यांनी गाण्याचं नावच उचललं आणि गायकाला लावलं. हॅलफर्डला जगभर ‘मेटल गॉड’ म्हणतात. गाण्यातले मेटल गॉड माणसाला चिरडणारे आहेत, याची आठवण त्यात कुणाला राहिलेली दिसत नाही.

याच ब्रिटिशांच्या मदतीने आपलं दुर्गापूर उभं राहिलं, तुमचं भिलाई रशियनांच्या. १९५५ चा करार, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिली झोतभट्टी. म्हणजे बर्मिंगहॅमची पोरं गिटार हातात घेत होती, तेव्हा भिलाई ऐन उमेदीत होतं. पगार वेळेवर, क्वार्टर, शाळा, मैत्री बाग. मला वाटतं, तसल्या गावात किंचाळायला कारण थोडं कमी पडत असावं.

पण गर्जना तुमच्याकडेही झाली, आणि प्लांटच्याच पगारपत्रकावर होती. तीजनबाई! भिलाईजवळच्या गनियारीच्या. बायकांनी पंडवानी, म्हणजे पांडवांची कथागाणी, बसून म्हणायची रीत होती, तेव्हा त्या पुरुषांच्या कापालिक शैलीत उभ्या राहिल्या आणि बाई असून पंडवानी म्हणतात म्हणून समाजाबाहेर टाकल्या गेल्या. हातातला तंबुरा घटकेत भीमाची गदा, घटकेत अर्जुनाचं धनुष्य. तो घोगरा, छातीतून उसळणारा आवाज नातवाला ऐकवा. बदल्यात त्याच्याकडून मुंबईच्या ‘डीमॉनिक रिझरेक्शन’चा २०१७ चा ‘दशावतार’ मागून घ्या. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. शब्द इंग्रजी आहेत आणि अर्धे कळणार नाहीत, पण नरसिंह कुठला ते विचारावं लागणार नाही.

आणि ‘मेटल गॉड्स’ शेवटपर्यंत ऐका. अखेरीस पावलं वाजू लागतात, तिथे आवाज थोडा वाढवा. रूळ हातोडीने ठोकून नुसत्या नादावरून त्याची तब्येत सांगणारी माणसं तुमच्या खात्यात नक्की असतील. रिंगोचे चमचे स्टेनलेसचे होते की चांदीचे, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला ओळखता आलं तर कळवा.