हा मान शून्यालाच का?

प्रश्न : (क्ष − १)(क्ष − ३) = ० असेल तर एकेक कंस शून्याबरोबर मांडून उत्तरं काढतात. मग उजवीकडे ८ असेल तर एकेक कंस ८ बरोबर का मांडायचा नाही? दहावीतल्या मुलाने विचारलं, मला सांगता येईना.
— एक पालक

उत्तर : शंका रास्त आहे. गुणाकार ८ आहे एवढ्यावरून गुणलेल्या संख्या कोणत्या, हे कळत नाही. २ × ४ असेल, १६ × ½ असेल, दोन्ही ऋणही असतील. जोड्यांना अंतच नाही. पहिला कंस ८ धरला तर क्ष = ९; मग दुसरा कंस होतो ६ आणि गुणाकार ४८!

शून्याचं तसं नाही. शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार कधीच शून्य येत नाही. म्हणून तो शून्य आला, की दोहोंपैकी एक तरी शून्य असलीच पाहिजे.

तेव्हा आधी कंस सोडवून ८ डावीकडे आणायचे : क्ष² − ४क्ष − ५ = ०. अवयव पाडले की (क्ष − ५)(क्ष + १) = ०. उत्तरं ५ आणि −१. मूळ समीकरणात ताळा पाहा : ४ × २ = ८, (−२) × (−४) = ८.

याच कारणाने क्ष² = ५क्ष ला दोन्हीकडे क्ष ने भागू नये. ५ हे उत्तर मिळतं, पण ० हे दुसरं उत्तर हातचं जातं.

उजवी बाजू शून्य ठेवण्याची ही रीत पूर्वी सर्रास नव्हती. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने वर्गसमीकरणांचे सहा प्रकार केले. त्यांतल्या एकातही एक बाजू शून्य नाही. अवयवांच्या गुणाकारातून समीकरण घडवण्याची पद्धत इंग्लंडच्या थॉमस हॅरियटच्या बीजगणितात दिसते. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६३१ साली छापलं गेलं.

मुलाला आणखी एक गंमत दाखवा. घड्याळाच्या हिशेबात १२ म्हणजे ०. तिथे ३ × ४ सुद्धा शून्यच! त्यामुळे (क्ष − २)(क्ष − ३) = ० ला तिथे २ आणि ३ शिवाय ६ आणि ११ हीसुद्धा उत्तरं निघतात : ४ × ३ = १२, ९ × ८ = ७२. नेहमीच्या संख्यांत शून्य असा दगा देत नाही, म्हणूनच परीक्षेत दोन कंस तपासून भागतं.